पर्सींना नेमकं कोणी पाडलं?

‘अमुक उमेदवाराला आम्हीच पाडलं’ असं एखादी संघटना सांगते, तेव्हा ते वाक्य पुरावा म्हणून कितपत धरायचं? दबावगटांवर काम करणार असाल, तर हा प्रश्न तुम्हाला पहिल्याच प्रकरणात गाठेल.

अमेरिकेतलं उदाहरण घ्या. इलिनॉयचे रिपब्लिकन सिनेटर चार्ल्स पर्सी परराष्ट्र व्यवहार समितीचे अध्यक्ष होते. १९८१ मध्ये सौदी अरेबियाला अवॅक्स ही टेहळणी विमानं विकायला त्यांनी पाठिंबा दिला. इस्रायलसमर्थक गटांनी जंग जंग पछाडलं, तरी सिनेटमध्ये विक्री ५२ विरुद्ध ४८ मतांनी तरली. १९८४ मध्ये पर्सी हरले. मग आयपॅक या इस्रायलसमर्थक संघटनेचे संचालक टॉम डाइन यांनी एका भाषणात उघड श्रेय घेतलं : देशभरातल्या ज्यूंनी मिळून पर्सींना घालवलं, आणि बाकीचे राजकारणी काय ते समजले.

आता आकडे बघा. पराभव सुमारे ८९ हजार मतांचा. कॅलिफोर्नियातल्या एकाच उद्योजकाने पर्सींविरोधी प्रचारावर दहा लाख डॉलरहून जास्त खर्च केले. एवढ्या चुरशीत हे किरकोळ नाही. पण १९७८ मध्येही पर्सींना निवडणूक जड गेली होती, आणि तेव्हा अवॅक्सचा विषयसुद्धा नव्हता. त्यांच्याच पक्षातले कडवे त्यांना फार उदारमतवादी मानायचे. १९८४ ला उमेदवारीसाठीच त्यांना पक्षात लढावं लागलं.

खरी गोम पुढे आहे. डाइन यांचा दावा आयपॅकला हवा होता, कारण धाक वाढतो. आणि तो आयपॅकच्या टीकाकारांनाही हवा होता, कारण ‘बघा, ही लॉबी सगळं चालवते’ असं म्हणता येतं. (तिथून ज्यूंविषयीच्या जुन्या विषारी कंड्यांपर्यंत फार अंतर नसतं.) दोन विरोधी बाजू एकच गोष्ट सांगतात म्हणून तुम्ही ती पक्की धराल, पण त्या दोघी एकाच वाक्यावर उभ्या आहेत. तुमच्या वहीत ते साधन एकच मोजा.

मग प्रभाव शोधायचा कुठे? मी निकालापेक्षा नंतरच्या मतदानाकडे बघेन. १९८६ मध्ये सौदीला क्षेपणास्त्रं विकायचा प्रस्ताव आला. या वेळी आयपॅकने जोर लावला नाही, तरी सिनेटने तो ७३ विरुद्ध २२ मतांनी फेटाळला. रेगन यांचा नकाराधिकार नंतर एका मताने टिकला. यात पर्सींच्या पराभवाचा धाक किती आणि सौदीच्या पीएलओ-लिबियाविषयीच्या भूमिकेचा राग किती? हे वेगळं काढायचं, तर १९८१ ला ‘हो’ आणि १९८६ ला ‘नाही’ म्हणणाऱ्या सिनेटरांची नावं काढा, आणि दोन्ही वेळची त्यांची भाषणं शेजारी ठेवून वाचा.