नेहमीच्या वस्तूंचे विज्ञान

इंग्लंडच्या दक्षिणेस हँपशायर परगण्यात किंग्ज सॉम्बर्न नावाचे एक खेडे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते इतर शेकडो खेड्यांसारखेच होते. जमीन थोड्यांची, राबणारे पुष्कळ, आणि राबणाऱ्यांच्या मुलांना अक्षरओळख झाली तरी ती मोठी गोष्ट मानली जावी, अशी तेथील स्थिती होती. १८३६ च्या सुमारास रिचर्ड डॉज हे धर्मोपदेशक म्हणून तेथे आले. त्यापूर्वी ते केंब्रिज येथे अध्यापन करीत होते आणि गणित हा त्यांचा विषय होता. असा विद्वान खेड्यात आला, म्हणजे तो ग्रंथ घेऊन एका कोपऱ्यात बसणार, असे कोणासही वाटले असते. डॉज यांनी मात्र १८४२ साली गावात एक शाळा उघडली.

ही शाळा दोन बाबतींत वेगळी होती. पहिली गोष्ट फीची. मजुराने आपल्या मुलासाठी आठवड्याला काही पेनी द्यावयाचे, शेतकऱ्याने व दुकानदाराने त्याहून बरेच अधिक. परंतु बाक मात्र सर्वांना एकच. दुसरी गोष्ट अभ्यासाची. वाचन, लेखन, अंकगणित आणि धर्मशिक्षण तेथे होतेच. पण त्यांच्या जोडीला डॉज यांनी लहान मुलांपुढे विज्ञान ठेवले. 'नेहमीच्या वस्तूंचे विज्ञान' हे त्याचे नाव त्या काळी इंग्लंडभर गाजले.

नेहमीच्या वस्तू म्हणजे कोणत्या? ज्या मजुराच्या झोपडीत सापडतात त्या. रिकामा पेला उलटा करून पाण्याने भरलेल्या भांड्यात सरळ खाली दाबला, तर पाणी आत भरून येत नाही. का येत नाही? पेला रिकामा दिसत असला, तरी रिकामा नाही. त्यात हवा आहे, आणि हवेलाही जागा लागते. मुले रस्त्यावर एक खेळ खेळत असत. चामड्याची गोल चकती भिजवून दगडावर दाबावयाची आणि मधल्या दोरीने ओढून तो दगड उचलावयाचा. दगड चकतीला का चिकटतो? चकतीखालची हवा निघून गेलेली असते आणि बाहेरची हवा तिला दगडावर दाबून धरते. गावातल्या पंपाने पाणी वर का चढते, याचे उत्तरही तेथेच मिळे. घरात चहाची किटली असे. धातूच्या किटलीला लाकडी मूठ कशासाठी? काळ्या किटलीपेक्षा चकचकीत किटलीत चहा अधिक वेळ गरम का राहतो? ज्या मुलाचा हात कधी भाजला आहे, त्याला उष्णतावहनाचा पहिला धडा वेगळा द्यावा लागत नाही.

पाहण्याबरोबर मोजणेही असे. लाकडाचा तुकडा घ्यावा, त्याची लांबी-रुंदी मोजावी, तो तोलावा, पाण्यात सोडून किती बुडतो ते पाहावे आणि मग गणित मांडावे. पाटीवरील आकड्यांना अशा रीतीने वजन येई.

डॉज यांच्या मनात आणखी एक हेतू होता, तो भाषेचा. शेतमजुराच्या मुलाची बोली वेगळी आणि पुस्तकाची भाषा वेगळी. या दोहोंमधील दरीमुळे मूल पाठ करी, पण समजून घेत नसे. हातातील वस्तूविषयी बोलताना मात्र त्याला स्वतःचे शब्द वापरावे लागत. जे पाहिले तेच सांगावयाचे असल्याने पोपटपंचीला तेथे वाव नव्हता. विचार करण्याची शक्ती ही श्रीमंतांची मिरास नाही, हा डॉज यांचा विश्वास या पाठांच्या मुळाशी होता.

हा प्रयोग एका गावापुरता राहिला नाही. सरकारी शाळानिरीक्षक हेन्री मोझली हे स्वतः गणिती होते. त्यांनी या शाळेची मनापासून प्रशंसा केली. १८४७ मध्ये डॉज यांनी शिक्षकांसाठी आपल्या पद्धतीचे पुस्तक प्रसिद्ध केले. १८५३ मध्ये लॉर्ड ॲशबर्टन यांनी हा विषय उत्तम शिकविणाऱ्या शिक्षकांना बक्षिसे देऊ केली. सफक परगण्यातील हिचम गावी चार्ल्स डार्विन यांचे गुरू जॉन हेन्स्लो हेही धर्मोपदेशक होते. १८५० नंतरच्या दशकात ते तेथील शाळेतल्या मुलांकडून रानफुले गोळा करवीत आणि त्यांचे भाग सुटे करून ओळखावयास शिकवीत. एका फुलासाठी कोणती प्रयोगशाळा लागणार?

आणि नेमके हे यशच काहींना अस्वस्थ करू लागले. १८६० मध्ये ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसभेचे अध्यक्ष असलेल्या लॉर्ड रॉट्स्ली यांनी आपल्या लेखनात एक प्रसंग नोंदविला आहे. गरिबांच्या मुलांची परीक्षा चालली होती. एक पांगळा, कुबडा, उपासमारीने चेहरा सुकलेला मुलगा पुढे आला आणि विचारलेल्या प्रश्नाचे त्याने अत्यंत स्पष्ट उत्तर दिले. ऐकणाऱ्यांना कौतुक वाटले. पण त्या कौतुकात लाजही मिसळलेली होती. जे ज्ञान वरच्या वर्गाला नाही, ते खालच्या वर्गाच्या मुलाला असावे, हे समाजाच्या दृष्टीने अनिष्ट आहे, असा निष्कर्ष रॉट्स्ली यांनी काढला. श्रीमंतांच्या मुलांना विज्ञान शिकवा, हा त्यांचा आग्रह योग्यच होता; परंतु त्या पांगळ्या मुलाने पुढे काय शिकावे, ही चिंता त्यात फारशी नव्हती.

दोनच वर्षांनी, १८६२ मध्ये, रॉबर्ट लो यांची नवी अनुदान-संहिता अमलात आली. विद्यार्थ्यांची हजेरी आणि वाचन, लेखन व अंकगणित यांच्या परीक्षेतील निकाल, यांवर शाळेचे अनुदान ठरू लागले. रॉट्स्ली यांच्या विचाराचा आणि या संहितेचा सरळ कार्यकारणसंबंध जोडणे उतावीळपणाचे होईल. सरकारचा शिक्षणावरील खर्च वाढत होता, आणि पुष्कळ मुलांना धड वाचताही येत नाही ही तक्रार खोटी नव्हती. परंतु परिणाम व्हावयाचा तो झालाच. ज्या विषयाला पैसा नाही, त्याला वेळापत्रकात जागा नाही. पेला, किटली आणि चकती शाळेतून बाहेर गेली. डॉज १८५० मध्येच हेरफर्डच्या कॅथीड्रलचे मुख्य धर्माधिकारी होऊन गेले होते. १८६७ मध्ये त्यांचे निधन झाले. म्हणजे आपल्या कार्याची ही पीछेहाट त्यांना पाहावी लागली. खेड्यातल्या प्राथमिक शाळांच्या अनुदान-नियमांत विज्ञानाला पुन्हा मानाची जागा मिळावयास १८८२ साल उजाडले.

ही 'निकालावर अनुदान' देण्याची पद्धत समुद्र ओलांडून हिंदुस्थानातही आली. मुंबई इलाख्यातील शाळांनी ती अनुभवली. १८८२ च्या हंटर आयोगाने प्राथमिक शाळांसाठी तिचा पुरस्कार केला. विसाव्या शतकाच्या आरंभी ती मागे पडली. पण निरीक्षकाच्या भेटीआधी धडे घोकून घेण्याची सवय नियमाबरोबर संपली नाही.

तिच्याशी झुंज देणारे प्रयत्न स्वतंत्र भारतातही झाले. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा शाळांतून सहावी ते आठवीची मुले टोळ्या करून स्वतः प्रयोग करू लागली. १९७८ मध्ये हा उपक्रम जिल्हाभर पसरला, आणि २००२ मध्ये राज्य सरकारच्या आदेशाने तो बंद झाला. मुले मोठी, देश निराळा, कारणेही निराळी. तरी किंग्ज सॉम्बर्नची आठवण व्हावी इतके साम्य त्यात आहे.

या इतिहासाकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते, की लहान मुलांचे विज्ञान साधनांच्या अभावी क्वचितच थांबले. पेला, पाणी आणि दगड कोणत्या गावात नाहीत? ते थांबले ते मुलाच्या 'का?' या प्रश्नाला हिशेबाच्या वहीत रकाना नव्हता म्हणून. उलटा पेला पाण्यात दाबणाऱ्या मुलाला इतके कळते, की जे रिकामे दिसते ते रिकामे असतेच असे नाही. मजुराच्या मुलाच्या डोक्याविषयीही डॉज यांना हेच सांगावयाचे होते.