शहाबादी फरशी आणि संगमरवर

सोलापूरची मूळ भूमी काळ्या पाषाणाची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून तो घडला. मंदिराच्या प्रांगणातील शहाबादी फरशी आणि वेदीवरचा शुभ्र संगमरवर मात्र बाहेरून आले.

शहाबाद हे कलबुर्गी जिल्ह्यातील गाव. १८६० साली सोलापुरास पोहोचलेला लोहमार्ग १८७१ पर्यंत रायचूरला भिडला. शहाबाद याच मार्गावर असल्याने फरशीची वाट सुकर झाली. ही फरशी म्हणजे गाळाचा खडक. प्राचीन उथळ समुद्रतळाशी चुन्याचा गाळ थरावर थर साचून तो बनला. म्हणूनच त्याच्या सपाट लाद्या निघतात. या थरसमूहाला भूशास्त्रज्ञांनी आपल्या भीमा नदीचेच नाव दिले आहे.

राजस्थानातील मकराण्याचा संगमरवरही मूळचा चुनखडकच. भूगर्भातील उष्णता व दाब यांमुळे त्याचे कण नव्याने स्फटिकरूप झाले. असा खडक रूपांतरित म्हणवला जातो. त्याचे एकजीव कण छिन्नीला साथ देतात. अबूच्या विमलवसहीतील (१०३१) संगमरवरी नक्षी याची साक्ष आहे.

रूपे दोन, द्रव्य एकच : कॅल्शियम कार्बोनेट. म्हणून दोहोंचा वैरीही एकच, तो म्हणजे आम्ल. लिंबाचा रस वा बाजारी अ‍ॅसिड दोघांनाही सारखेच खाते. मूर्ती जपावयाची आणि फरशी मात्र अ‍ॅसिडने धुवावयाची, हा भेद अज्ञानाचा आहे. जीर्णोद्धाराच्या वेळी पिढ्यांच्या पावलांनी गुळगुळीत झालेल्या फरश्या उखडण्यापूर्वी, त्या संगमरवराच्याच कुळातील आहेत, याचे स्मरण असावे.