दोन हजार सहाशे ऑइल इंजिनं

आमच्या कडेगावच्या रानात विहिरीवर पाच एचपीचं किर्लोस्करचं ऑइल इंजिन होतं. (किर्लोस्करवाडी जवळच. पंप वाडीत बनायचे आणि इंजिनं पुण्यात, पण आमच्या लेखी सगळं घरचंच. दुसऱ्या कंपनीचं घेणं म्हणजे सोयरीक मोडण्यासारखं.) वडील एका हाताने डिकंप्रेशनचा खटका धरून दुसऱ्या हाताने हँडल फिरवायचे, वेग आला की खटका सोडायचे. ठक्.. ठक्.. ठकठकठक.. काळ्या धुराचा एक भपका आणि पाटाला पाणी! मेकॅनिकल इंजिनिअर व्हायचं मी तिथंच ठरवलं होतं. पुढे आयटीत कसा आलो ते सांगत नाही, तुमच्यातले निम्मे तसेच आला आहात.

तर सांगायचा मुद्दा, टीम आऊटिंगला गोव्याला गेलो होतो. मंडळी बीचवर गेली आणि मी दाबोळी विमानतळाजवळच्या नौदलाच्या एव्हिएशन म्युझियममध्ये. तिथं उघड्यावर एक तीन शेपट्यांचं, माशासारखी पाठ असलेलं विमान उभं आहे. लॉकहीड सुपर कॉन्स्टेलेशन. एअर इंडियात असताना याचं नाव होतं 'रानी ऑफ एलोरा'. आपल्या वेरूळची राणी! पण मी विमान पाहतच नव्हतो. मी पाहत होतो पंखांवरची चार इंजिनं.

राइट आर-३३५०. १८ सिलिंडर, नऊ-नऊच्या दोन रांगा, चाकाच्या आऱ्यांसारखे मांडलेले. एकूण क्षमता जवळपास ५५ लिटर, म्हणजे एकेक सिलिंडर तीन लिटरचा. टेकऑफला ३,२५० एचपी. वडिलांच्या भाषेत सांगायचं तर एका विमानात २,६०० ऑइल इंजिनं. गंमत पुढेच आहे. आमचं इंजिन साधारण अर्ध्या लिटरचं. म्हणजे क्षमता शंभरपट, पण ताकद साडेसहाशेपट. ही जास्तीची ताकद आली कुठून? जास्त वेगातून, उंची पेट्रोलमधून, हवा दाबून आत कोंबणाऱ्या सुपरचार्जरमधून.. आणि चक्क धुरातून. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम वायूवर तीन टर्बाइन फिरवायची आणि प्रत्येकाची सुमारे १५० एचपी परत क्रँकशाफ्टला जोडायची. याला पॉवर रिकव्हरी टर्बाइन म्हणत. मेकॅनिक लोक 'पार्ट्स रिकव्हरी टर्बाइन' म्हणायचे, कारण ती वारंवार मोडायची :)

एका रांगेत नऊच सिलिंडर का, आठ का नाहीत? फोर स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. म्हणून एक सोडून एक पेटवत जायचं: १, ३, ५, ७, ९ आणि दुसऱ्या फेरीत २, ४, ६, ८. आकडा विषम असला तरच हे चक्र न अडखळता जुळतं. कागदावर काढून बघा, मी हॉटेलच्या नॅपकिनवर काढलं होतं.

हे इंजिन मुळात बदनाम. दुसऱ्या महायुद्धात बी-२९ बॉम्बर याच इंजिनांवर उडत. १९४४ मध्ये ती विमानं बंगालात खरगपूरला आली, तेव्हा तिथल्या उन्हाळ्यात इंजिनं तापून आगी लागत. हवेवर थंड होणारं इंजिन, आणि मागच्या रांगेला हवा कमी. युद्धानंतर ते बरंच सुधारलं. ८ जून १९४८ ला 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं ते याच घराण्याच्या इंजिनांवर. पुढची टर्बाइनवाली आवृत्ती सुपर कॉन्स्टेलेशनवर आली. रात्री खिडकीतून एक्झॉस्टच्या ज्वाळा दिसायच्या म्हणे. पहिल्यांदाच बसणाऱ्याचं काय होत असेल!

मग १९६० साली एअर इंडियाकडे बोइंग ७०७ आलं आणि १९६२ पर्यंत कंपनी पूर्ण जेटवर गेली. बहुतेक गोष्टी इथं संपतात. मला खरी गोष्ट इथून सुरू होते असं वाटतं. या राण्या वायुदलाकडे गेल्या, पुण्याला, लोहगावला. सहाव्या स्क्वाड्रनने त्या आधी वाहतुकीला आणि मग समुद्रावर पाळत ठेवायला वापरल्या. १९७१ च्या युद्धातही त्या अरबी समुद्रावर गस्त घालत होत्या. १९७६ मध्ये नौदलाने घेतल्या, दाबोळीला नेल्या आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत उडवल्या. म्हणजे जगाने जुनं झालं म्हणून सोडलेलं इंजिन आपल्या लोकांनी आणखी वीस वर्षं चालवलं.

वीस वर्षं म्हणजे काय? एका विमानात ७२ सिलिंडर, १४४ स्पार्क प्लग, १२ टर्बाइन. रात्रभर उभ्या इंजिनात तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचतं. तसंच स्टार्ट केलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, कारण तेल काही दाबलं जात नाही. म्हणून आधी इग्निशन बंद ठेवून पंखा फिरवायचा, पाती मोजायची आणि मगच मॅग्नेटो चालू करायचा. दररोज. प्रत्येक इंजिनाला. या फिटर लोकांची नावं कुठल्याही पाटीवर नाहीत.

माझं ऑफिस विमाननगरला आहे, लोहगावची धावपट्टी गच्चीवरून दिसते. दुसऱ्यांनी लिहिलेली जुनी सिस्टीम चालू ठेवणं हे माझं काम. लिहिणारे कधीच पुढे गेले. अप्रेझलमध्ये याला 'सपोर्ट' म्हणतात, आणि तो शब्द उच्चारताना मॅनेजरचा आवाज जरा खाली येतो. गोव्याहून आल्यापासून मला त्याचं फारसं काही वाटत नाही. नवा प्रोजेक्ट मिळाला तर घेईन, नाही असं नाही!

दिवाळीला घरी गेलो तेव्हा वडिलांना मोबाइलवर फोटो दाखवले. सव्वातीन हजार एचपी ऐकूनही ते काही बोलले नाहीत. फोटो मोठा करून त्यांनी आधी इंजिनाखालची जमीन पाहिली.

"तेल सांडल्यालं दिसंना. बंद हाय व्हय?"

म्हटलं, चाळीस वर्षं झाली.