शायर : एका कल्पित ग्रामप्रदेशाची घडण

इंग्लंडांतील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहराच्या दक्षिणेस, वुस्टरशायर आणि वॉरिकशायर या दोन परगण्यांच्या सीमेलगत, सेअरहोल नांवाची एक लहानशी वाडी होती. इ. स. १८९६ च्या उन्हाळ्यांत मेबल टोल्किन नांवाची एक तरुण विधवा आपल्या दोन मुलांना घेऊन तेथें भाड्याच्या घरांत राहावयास आली. पति त्याच वर्षीं फेब्रुवारींत दक्षिण आफ्रिकेंत वारलेला. थोरला मुलगा साडेचार वर्षांचा. या मुलाच्या वाट्यास तें खेडें अवघीं चार वर्षें आलें. १९०० सालीं शाळेच्या सोयीसाठीं कुटुंब शहरांत गेलें, आणि १९०४ सालीं आईचेंहि छत्र हरपलें. परंतु ओढ्याकाठची पाणचक्की आणि तिच्यामागचें तळें त्याच्या मनांतून कधींच गेलें नाहीं. त्या चक्कींत त्या काळीं धान्यापेक्षां हाडेंच अधिक दळलीं जात; त्यांचें खत होई. हाडांच्या पिठानें पांढराफटक झालेला चक्कीवाल्याचा मुलगा दाराशीं आला कीं दोघे भाऊ धूम ठोकीत. त्याला त्यांनीं 'पांढरा राक्षस' असें नांव ठेविलें होतें.

हा थोरला मुलगा म्हणजे पुढें ऑक्सफर्ड येथें अँग्लो-सॅक्सन भाषेचे प्राध्यापक झालेले जे. आर. आर. टोल्किन. १९३७ सालीं निघालेल्या 'हॉबिट' या त्यांच्या पहिल्या बालकथेंत, मनुष्याच्या निम्म्या उंचीच्या, केसाळ पायांच्या आणि खाण्यापिण्यांत रमणाऱ्या एका जमातीचें वर्णन आहे. पण तिच्या देशाला त्या पुस्तकांत नांव नाहीं. नांव, नकाशा, इतिहास, कायदा आणि पंचांग हें सारें आलें तें पुढच्या मोठ्या ग्रंथांत, १९५४-५५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मध्यें. त्या देशाचें नांव 'शायर'. मराठी कानाला हा शब्द ऐकतांच डफ-तुणतुण्याची आठवण व्हावी, हें स्वाभाविक आहे. पण येथें शाहिराचा कांहीं संबंध नाहीं. जुन्या इंग्रजींत 'शायर' म्हणजे राज्याचा एक विभाग, परगणा. त्या परगण्याचा राजाकडून नेमलेला कारभारी तो 'शायर-रीव्ह', आणि त्याचाच झिजून 'शेरीफ' झाला. मुंबईस ज्या पदाचा मान पुष्कळ नामवंत नागरिकांस मिळाला, तें पद मूळचें हेंच.

टोल्किन हे आधीं भाषाशास्त्रज्ञ, आणि मग कथाकार. त्यांनीं आपला प्रदेश शब्दांच्या पायावर उभारला. शायरचे चार भाग, त्यांना नांव 'फार्दिंग', म्हणजे चौथाई. यॉर्कशायरचे 'रायडिंग' नांवाचे तीन विभाग १९७४ पर्यंत कारभारांत होते. तो शब्द मुळांत 'तिसरा हिस्सा' या अर्थाचा. म्हणजे खऱ्या इंग्लंडांत तिहाई होती, तिच्याच नमुन्यावर कल्पित इंग्लंडांत चौथाई आली. प्रदेशाची वसाहतहि अशीच. मार्चो आणि ब्लँको नांवाचे दोघे भाऊ पूर्वेकडून नदी ओलांडून आले आणि त्यांनीं राजाच्या परवानगीनें ही भूमि वसविली. इ. स. ४४९ च्या सुमारास हेंगिस्ट आणि हॉर्सा हे दोघे भाऊ समुद्र ओलांडून ब्रिटनमध्यें उतरले, अशी इंग्रजांची परंपरागत कथा आहे. त्या दोन नांवांचा अर्थ घोडा. मार्चो आणि ब्लँको यांच्या मुळाशीं असलेल्या जुन्या शब्दांचाहि अर्थ घोडाच! अँगल, सॅक्सन आणि ज्यूट या तीन टोळ्यांच्या ठिकाणीं हॉबिटांच्याहि तीन टोळ्या आहेत. टॉम शिपी यांच्यासारख्या अभ्यासकांनीं हीं साम्यें एकेक करून दाखविलीं आहेत. सामान्य वाचकास मात्र तीं ठाऊक असण्याचें कारण नाहीं. नांवांना लागलेला जुनेपणाचा वास त्याला पुरतो.

राजानें जमीन दिली ती तीन अटींवर : मोठा पूल व इतर पूल-रस्ते दुरुस्त ठेवावे, राजाच्या जासुदांना वाट द्यावी, आणि त्याचें स्वामित्व मान्य करावें. पुढें तें राज्य बुडालें, राजा नाहींसा झाला; पण शायरच्या लोकांनीं राजाचे कायदे आपण होऊन पाळणें चालूंच ठेविलें. त्यांचा निवडलेला नगराध्यक्ष दर सात वर्षांनीं जत्रेंत ठरे, आणि मेजवान्यांत अग्रस्थानीं बसणें हेंच त्याचें मुख्य काम. शिपाई म्हणावे तर साऱ्या मुलखांत बारा, प्रत्येक चौथाईंत तीन. आणि माणसांपेक्षां बहकलेल्या गुरांचाच बंदोबस्त ते अधिक करीत. चाळीस लीग रुंद आणि पन्नास लीग लांब, म्हणजे सुमारें १२० मैल बाय १५० मैलांचा हा देश असा चालतो.

येथें इतिहासाचा अभ्यासक थबकतो. मध्ययुगीन इंग्रज खेडें असें होतें काय? १०८६ सालच्या 'डूम्सडे' नांवाच्या पाहणींत नोंदलेल्या माणसांपैकीं सुमारें एक-दशांश गुलाम होते. त्याहून किती तरी अधिक कुळें जमिनीशीं बांधलेलीं. जहागीरदाराच्या शेतांत ठराविक दिवस वेठ केल्यावांचून त्यांना स्वतःच्या पट्टीवर नांगर धरतां येत नसे. उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला. १३४८ सालीं काळी महामारी आली आणि कित्येक खेडीं ओस पडलीं. शायरमध्यें जहागीरदाराची वेठ नाहीं, धर्मगुरु नाहीं, देऊळ नाहीं. उलट टपालखातें आहे, मनगटबंद सदरे आहेत, भिंतीवर घड्याळ आहे, छत्री आहे, बटाटे आणि तंबाखू आहे. शेवटचीं दोन पिकें तर कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीपूर्वीं युरोपांत कोणीं पाहिलींहि नव्हतीं. टोल्किन यांनाहि ही अडचण जाणवली असावी. १९६६ च्या सुधारलेल्या आवृत्तींत त्यांनीं एका ठिकाणचे टोमॅटो काढून तेथें लोणचें घातलें. तंबाखूला मोठ्या ग्रंथांत 'चिलमीची पत्ती' अशा अर्थाचें नांव दिलें. बटाट्यांना मात्र त्यांच्यानें हात लाववला नाहीं.

खरी गोष्ट अशी कीं शायर हें मध्ययुगांतील खेडें नव्हेच. राणी व्हिक्टोरियाच्या कारकीर्दीचा हीरकमहोत्सव १८९७ सालीं झाला. त्या सुमाराचें वॉरिकशायरमधील खेडें म्हणजेच शायर, असें टोल्किन यांनीं एका पत्रांत सांगितलें आहे. एका बालकाच्या आठवणींतील तें खेडें उचलून त्यांनीं राजे, तरवारी आणि राक्षस यांच्या जगाच्या एका कोपऱ्यांत नेऊन ठेविलें. म्हणूनच वाचक त्या जगांत शिरूं शकतो. घड्याळ आणि चहाची किटली सोडून निघालेल्या माणसाबरोबर तो निघतो.

या खेड्याचे दोषहि लेखकानें झांकलेले नाहींत. तेथील लोक आत्मसंतुष्ट आहेत. सरहद्दीबाहेर कांहीं फिरस्ते लोक ऊन-पाऊस सोसून त्यांचें रक्षण करीत असतात, हें त्यांच्या गांवींहि नाहीं. असा एखादा फिरस्ता रस्त्यांत दिसला तर ते संशयानें पाहतात. नायक फ्रोडो हा कष्ट न करतां बसून खाणारा सुखवस्तु गृहस्थ, आणि त्याच्या बागेंत राबणारा सॅम त्याला अखेरपर्यंत 'फ्रोडोसाहेब' म्हणतो. फ्रोडोचें घर टेकडीच्या माथ्यावर. सॅमच्या म्हाताऱ्या बापाचें त्याच टेकडीच्या खालच्या अंगाला. नम्रतेच्या गोडव्याखालीं ही उतरंड किती जुनी आहे, याकडे पुष्कळ वाचकांचें लक्ष जात नाहीं. टोल्किन यांचें गेलें होतें काय? निदान एवढें खरें कीं कथेच्या शेवटीं त्या मोठ्या घराचा वारस त्यांनीं माळ्यालाच केलें, आणि पुढें नगराध्यक्षहि तोच झाला.

ग्रंथाचा सर्वांत टणक इतिहास आहे तो शेवटच्या भागांत. महायुद्ध जिंकून चौघे हॉबिट घरीं परततात तों पुलावर फाटक, फाटकावर नियमांची पाटी. हा नाश कोणा सैन्यानें केलेला नाहीं. लोथो नांवाच्या एका गांवकऱ्याची दक्षिण चौथाईंत वडिलोपार्जित तंबाखूची जमीन होती. तो उत्तम पत्ती गुपचूप परमुलखांत विकूं लागला. पैसा कोठून येतो हें कोणास कळेना. पण एकेक चक्की, एकेक खानावळ, एकेक शेत त्याच्या नांवावर चढत गेलें. मग पत्तीबरोबर धान्यहि बाहेर जाऊं लागलें. हिवाळा तोंडावर आला आणि टंचाई पडली. कुरकूर करणारांसाठीं बाहेरचे गुंड आले, म्हाताऱ्या नगराध्यक्षाला कोठडींत टाकलें, आणि बारांचे शिपाई शेंकड्यांनीं झाले. 'वांटणीवाले' नांवाचे लोक घरोघर मोजमाप करून धान्य नेत. वांटणी मात्र फारशी कोणाच्या दृष्टीस पडत नसे. जुनी चक्की पाडून चाकांनीं भरलेली नवी मोठी चक्की उठली. अधिक दळावें म्हणून ती बांधली, पण अधिक दळावयाला अधिक धान्य कोठें होतें? पुढें तीं चाकें दळेनाशींच झालीं. नुसती ठोकाठोक, धूर, आणि ओढ्यांत सोडलेली घाण. ज्या चक्कीचा बाप मालक होता, तिचीं चाकें पुसण्याचें काम मुलगा करूं लागला, आणि त्यांतहि त्याला ऐट वाटे.

निर्यात, सांठेबाजी, टंचाई, आणि टंचाईच्या नांवाखालीं सत्ता, असा हा क्रम आहे. जादूच्या कथेंत इतकें व्यवहारी प्रकरण क्वचितच आढळेल. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडांतील रेशनिंगवर ही टीका आहे, असें कित्येकांनीं म्हटलें. टोल्किन यांनीं तें साफ नाकारलें. या प्रकरणाला अनुभवाचा आधार असलाच तर तो पुसट आणि फार मागचा आहे, असें त्यांनीं दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेंत लिहिलें : आपण दहा वर्षांचे होण्यापूर्वींच लहानपणचा मुलूख बेगुमानपणें उध्वस्त होऊं लागला होता, तळ्याकाठच्या मोडकळीस आलेल्या चक्कीचें चित्रहि आपण नंतर पाहिलें, तरुण चक्कीवाल्याचें तोंड आपल्याला कधींच आवडलें नव्हतें.

कथेंत बायवॉटर येथें लढाई होते. सुमारें सत्तर गुंड पडतात आणि एकोणीस हॉबिट मरतात. त्यांचीं नांवें यादी करून जपलीं जातात. कापलेल्या झाडांच्या जागीं सॅम रोपें लावीत हिंडतो. पुढें नवा राजा हुकूम काढतो कीं मोठ्या माणसांनीं शायरमध्यें पाऊल टाकूं नये. आणि स्वतः भेटीस आला तेव्हां तोहि पुलाशींच थांबतो.

सेअरहोलला असा राजा मिळाला नाहीं. १९११ सालीं तें बर्मिंगहॅमच्या हद्दींत गेलें. १९३३ सालीं टोल्किन आपल्या मुलाबाळांसह मोटारींतून तेथून गेले, तेव्हां जुन्या चौरस्त्यावर मोटारींची रहदारी आणि तांबडे दिवे त्यांच्या दृष्टीस पडले. चक्की तेवढी उभी राहिली. ती पडावयास झाली तेव्हां तिच्या दुरुस्तीच्या फंडाला टोल्किन यांनींहि वर्गणी दिली. १९६९ सालीं ती संग्रहालय म्हणून लोकांना खुली झाली, आणि हॉल ग्रीन या उपनगरांत घरांच्या रांगांमध्यें ती आजहि उभी आहे.