तळटीप १४ : ‘मामाचा डायनासोर’
स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘जुरासिक पार्क’ (१९९३) या चित्रपटावर ओशन कंपनीने त्याच वर्षी निन्टेन्डोच्या गेम बॉयसाठी काढलेला खेळ. चित्रपट हिंदीत आला १९९४ मध्ये. म्हणजे रत्नागिरीतल्या या घरात डायनासोर पडद्याआधी तळहातावर अवतरला! पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, हिरवट करड्या रंगाच्या चारच छटा. सिनेमाचा थरार त्यात मावणे कठीण. खेळात डॉ. ग्रँट अंडी वेचत हिंडतो. सिनेमात त्याला रानात फुटकी टरफले तेवढी दिसतात. यंत्राला चार पेन्सिल सेल लागत, लेखकाची सेल उन्हात तापवण्याची खटपट त्यापायीच. विटा रचायचा स्वस्त ‘ब्रिक गेम’ वेगळा. पहिल्या आवृत्तीतली दोहोंची गल्लत येथे दुरुस्त केली आहे. — संपादक