भुंगा आणि निःशब्द वीज

आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. त्याच्या बरोबर सात महिने आधी, १६ डिसेंबर १९४७ रोजी, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत पहिला ट्रान्झिस्टर चालला होता. पुढे या दोघांची गाठ आमच्या महालातल्या घराघरांत पडली.

१९८० नंतरच्या त्या दिवसांत रेडिओला सेल पुरवणे खिशाला जड जाई. मग हौशी पोरे घरच्या विजेवर चालणारे बॅटरी एलिमिनेटर स्वतःच जोडायची. ते लावले की गाण्यामागे घूं-घूं सुरू होई. अब्बा विचारायचे, "रेडिओ लावलाय की भुंगा?"

भुंगा विजेचाच. आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते. ट्रान्सफॉर्मर तिचा जोर २३० वरून ९ व्होल्टवर आणतो. चार डायोडांचा पूल तिला एका दिशेला वळवतो. ही युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. तरी सेकंदाला १०० उसळ्या उरतात. मोठा कॅपॅसिटर, दुकानदारांच्या भाषेत कंडेन्सर, रांजणासारखा भरतो आणि उसळ्यांमधले खळगे बुजवतो. उरलेली थरथर ७८०५ हा तीन पायांचा रेग्युलेटर दाबतो आणि ५ व्होल्ट देतो. त्याला आत मात्र सात-साडेसात व्होल्ट सतत लागतात. तेवढे मिळाले नाहीत की भुंगा परत येतो.

पुढे मोबाइलचे चार्जर आले. हलके, स्वस्त, वीज वाचवणारे. पण ते वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतात-जोडतात. कित्येक चार्जर सुमारे ६५ हजार वेळा. पासष्ट नवे पाचशे पंच्याऐंशी! नागपूर केंद्र आम्ही ऐकत आलो ते ५८५ किलोहर्ट्झवरच. चार्जरमधली गाळणी कच्ची असली, तर खरखर नेमकी आपल्याच केंद्रावर बसते.

म्हणून दिवे, घड्याळ यांना चार्जर पुरे. मुलांनी जोडलेल्या छोट्या रेडिओला किंवा अ‍ॅम्प्लिफायरला मात्र जुना जड ट्रान्सफॉर्मरच बरा. तोही बंद डबीतला, तयार घ्यावा. २३० व्होल्टची बाजू पोरांच्या हाती देऊ नये. तिथली चूक दुरुस्त करायची संधी मिळतेच असे नाही. त्यांचा खेळ ९ व्होल्टपासून पुढे सुरू व्हावा.

कवितेत दोन शब्दांमधली शांतता शब्दांइतकीच मोलाची असते. चांगल्या विजेचेही तसेच. ती आहे हे कानाला कळू नये.