ग्रंथपालाचे चिंतन आणि ग्रंथालयशास्त्र

व्यवसायाचे शिक्षण म्हणजे आधी शास्त्र शिकावे व मग ते कामी लावावे, अशी रूढ समजूत आहे. अमेरिकन विचारवंत डोनाल्ड शॉन यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिला आव्हान दिले. कुशल व्यावसायिक काम करीत असतानाच विचार करतो आणि अडचणीतून नवे ज्ञान घडवितो, असे त्यांचे प्रतिपादन होते. या प्रतिपादनाचे बोलके उदाहरण त्याआधी अर्धशतक मद्रासच्या एका ग्रंथपालाने घालून दिले होते.

शियाळी रामामृत रंगनाथन (१८९२–१९७२) हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४च्या जानेवारीत ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. पण त्या निवांत कामाला ते काही दिवसांतच कंटाळले आणि परत अध्यापनाकडे वळू पाहत होते. मात्र त्याच वर्षी प्रशिक्षणासाठी ते लंडनला गेले. तेथील अनेक ग्रंथालये पाहताना प्रचलित वर्गीकरणातील उणीव त्यांच्या ध्यानी आली. त्यात प्रत्येक विषयाचे घर आधीच ठरलेले असे. नव्याने उदयास आलेल्या विषयाला जागा मिळेना. एका दुकानात त्यांनी मेकॅनोचे खेळणे पाहिले. त्याच त्या पट्ट्या व स्क्रू निराळ्या रीतीने जोडून निराळ्या वस्तू बनत होत्या. विषयांचेही असे घटक पाडून ते जोडता येतील, हे त्यांना उमगले. द्विबिंदू वर्गीकरणाचे हे बीज १९३३ साली ग्रंथरूपाने प्रकट झाले.

तत्पूर्वी १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. ग्रंथ जपून ठेवण्यासाठी नसून वापरासाठी आहेत, हा त्यांतील पहिला. मद्रासला वाचकांना कपाटांपर्यंत मुक्त प्रवेश देऊन त्यांनी तो आचरणातही आणला.

स्वतःच्या पद्धतीलाही त्यांनी कधी अंतिम मानले नाही. एकच द्विबिंदू अपुरा पडतो, हे जाणवताच १९५२च्या चौथ्या आवृत्तीत त्यांनी निरनिराळ्या घटकांसाठी निरनिराळी चिन्हे योजली. अशा फेरबदलांची किंमतही होती: ज्या ग्रंथालयांनी जुनी आवृत्ती स्वीकारली होती, त्यांच्यापुढे असंख्य ग्रंथांचे क्रमांक बदलण्याचा प्रश्न उभा राहिला. त्यावर टीका झाली आणि ती अकारण नव्हती. तरीही ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, असे सांगणाऱ्या माणसाला आपलेच शास्त्र गोठवून ठेवणे शक्य नव्हते.

हव्या त्या पुस्तकावाचून परतणारा वाचक हा नोंदवहीतील एक नकार नव्हे. तो ग्रंथपालापुढे ठेवलेला प्रश्न असतो, ही दृष्टी रंगनाथनांनी दिली.